वजन अडतं ते भुकेपाशी

आहार सांभाळून आणि नेमाने चालून सहा-आठ महिन्यांत आठ-दहा किलो उतरवलेल्या माणसाचा वजनकाटा एके दिवशी हलेनासा होतो. घरीदारी, व्यायामशाळेत, कधी आहारसल्ला घेतानाही त्याला एकच निदान ऐकू येतं: चयापचय मंदावला. अलीकडे त्याला पुरवणी जोडली जाते. हे तुमच्या जनुकांतच आहे, तेव्हा लाळेची चाचणी करा आणि अहवालाप्रमाणे जेवा. ही दोन्ही मतं मला अमान्य आहेत. त्यांच्यापायी माणसं चुकीच्या शत्रूशी लढतात आणि हरल्यावर स्वतःला दोष देतात.

पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीने मांडू. वजन उतरलं की शरीर काटकसर करतं, हे खरं आहे. ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी टीव्ही-स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली आणि केव्हिन हॉल यांच्या गटाने ती २०१६ साली प्रसिद्ध केली. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. तरीही विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. जनुकांचा पुरावाही पोकळ नाही. केएसआर२ या जनुकात बिघाड असलेल्या काही माणसांचा चयापचय खरोखरच मंद असतो, हे २०१३ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं.

पण स्पर्धकांच्या त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, जो सहसा सांगितला जात नाही. ज्यांनी उतरवलेलं वजन अधिक टिकवलं, त्यांचाच चयापचय अधिक मंदावलेला होता. मंदीमुळे वजन परत येत असतं, तर नेमकं उलट दिसायला हवं होतं.

मग काटा अडतो कशाने? मला सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा मधुमेहाच्या एका औषधाच्या चाचणीतून आला. कॅनाग्लिफ्लोझिन रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणजे रोज साधारण ३६० कॅलरी निघून जातात. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. तो कमी खाण्याचा प्रयत्न करत नसतो. तरी वजन काही किलोंनी उतरून थांबलं. हॉल आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला, तो असा: उतरलेल्या दर किलोमागे ऊर्जाखर्च रोज २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरलेल्या माणसाला मेंदू रोज हजारभर कॅलरी जास्त मागत असतो. याच गटाच्या गणिती प्रतिमानाप्रमाणे, खाण्यातली कपात जशीच्या तशी टिकली तर वजन उतरायला एक नव्हे, दोन-तीन वर्षं लागतात. ते सहाव्या-आठव्या महिन्यातच थांबतं, कारण खाणं हळूहळू वर सरकलेलं असतं.

हे सरकणं ज्याचं त्याला कळत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, १२०० कॅलरींच्या आत खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या दहा जणांची काटेकोर मोजणी झाली. चयापचय व्यवस्थित होता. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी भरली. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीचं तेल, भाजीतलं दाण्याचं कूट, पोळीवरचं तूप हे सगळं अंदाजानेच पडतं, आणि भुकेल्या माणसाचा अंदाज नेहमी एकाच बाजूला झुकतो.

जनुकांचं संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. १९९७ साली केंब्रिजमध्ये स्टीफन ओ’रायली आणि सदफ फारुकी यांच्या गटाला दोन अतिस्थूल चुलत भावंडं आढळली. त्यांच्या शरीरात लेप्टिन हे संप्रेरक जवळजवळ तयारच होत नव्हतं. त्यांचा ऊर्जाखर्च देहाच्या मानाने कमी नव्हता. त्यांना भागवता न येणारी भूक होती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर खाणं झपाट्याने कमी झालं आणि वजन उतरू लागलं. सर्वसामान्य लोकांतल्या लठ्ठपणाशी ठळकपणे जोडलं गेलेलं पहिलं जनुक एफटीओ, २००७ सालचं. त्याच्या जोखमीच्या दोन्ही प्रती असलेली माणसं सरासरी तीनेक किलोंनी जड असतात. स्कॉटलंडमधल्या मुलांच्या अभ्यासात असा वारसा असलेली मुलं जास्त कॅलरींचं खात होती. त्यांचा ऊर्जाखर्च कमी नव्हता. २०१५ साली तीन लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीतून ९७ जनुकस्थानं पुढे आली, तेव्हाही त्यांचा कल मेंदूकडेच दिसला. केएसआर२चा बिघाड हा दुर्मीळ अपवाद. त्यावरून सर्वांचं निदान करता येत नाही.

लाळेच्या चाचणीचा दावा तर प्रयोगातच पडला. स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना कमी स्निग्ध किंवा कमी कर्बोदकं असलेला आहार वर्षभर दिला. वजन अनुक्रमे ५.३ आणि ६ किलो उतरलं, आणि जनुकांना ‘जुळणारा’ आहार मिळाल्याने कुणाचा फायदा झाला नाही. ‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतो’ हेही हर्मन पाँट्झर यांच्या २०२१च्या अभ्यासाने मोडीत काढलं. सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांत, शरीराचा आकार धरला तर तो विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर होता.

भुकेवर बोट ठेवलं की लगेच ‘म्हणजे जिभेवर ताबा नाही’ असा अर्थ काढला जातो. तो मी ठामपणे नाकारतो. ही भूक स्वभावदोष नाही. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूचा अधश्चेतक भाग अन्न मागू लागतो. त्यात जनुकांमुळे कुणाची मागणी जास्त, कुणाची कमी. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, ते मुख्यतः भूक शांत करून. ज्यांना वैद्यकीयदृष्ट्या गरज आहे, त्यांनी असं औषध घेण्यात कमीपणा कसला?

काटा अडल्यावर चयापचय ‘जागवणारी’ चूर्णं घेऊ नयेत. आठवडाभर तेल आणि कूट चमच्याने मोजावं, पोट भरल्यासारखं वाटेल अशा उसळी-डाळी वाढवाव्यात, स्नायू टिकवणारा व्यायाम करावा. आणि कमरेला टेप लावावी, कारण आपल्याकडे वजनकाटा अपुरं सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचं छायाचित्र छापलं होतं. दोघांचाही देहभारांक २२.३, सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८०च्या आत येत असेल, तर थांबलेल्या काट्याकडे बघून आहार आणखी तोडायचं कारण नाही.