कच किती वेळा मेला?

सुपरहिरोचा नवा चित्रपट लागला की दुसऱ्या दिवसापासून पंचनामा सुरू होतो. पोशाखाचा निळा रंग मुळापेक्षा काळपट का? अमुक पात्र कॉमिकमध्ये म्हातारे होते, ते तरुण कसे झाले? आई-बापांचा खून भलत्याच माणसाच्या नावावर का टाकला? फरक जितके जास्त तितका चित्रपट वाईट, असा हा सरळ हिशेब आहे आणि मराठी तरुणांच्या गप्पांतही तो आता चांगला रुजला आहे.

या पक्षाची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. कॉमिकमधले पात्र वाचकांनी पन्नास-साठ वर्षे जिवापाड जपलेले असते. दिग्दर्शक दोन-अडीच तासांसाठी येतो, त्या पात्राचे नाव घेतो, कपडे घेतो, हमखास खप घेतो आणि आत दुसराच कोणी आणून बसवतो. दुसराच बसवायचा तर नावही दुसरे द्या, असे चाहता म्हणतो. यात लबाडी नाही. मात्र हा सगळा आक्षेप एका गृहीतकावर उभा आहे. मूळ नावाची एक ठरीव, पुरी झालेली चीज कुठेतरी आहे आणि रूपांतर म्हणजे तिची बरहुकूम नक्कल, हे ते गृहीतक. ते टिकत नाही.

सुपरमॅनच घ्या. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याला छापात आणला तेव्हा तो उडत नव्हता. लांबलचक उड्या मारीत होता. त्याला उडायला लावले ते रेडिओवरच्या मालिकेने आणि १९४१पासून आलेल्या फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनपटांनी. ज्या क्रिप्टोनाइटपुढे त्याचे बळ सरते, तेही १९४३ साली आधी रेडिओवर आले. कॉमिकने ते १९४९ साली उचलले. बॅटमनचा नोकर आल्फ्रेड कॉमिकमध्ये गुटगुटीत होता. १९४३च्या चित्रमालिकेत सडपातळ, मिशीवाला नट घेतला, तर पुढच्याच वर्षी कॉमिकवाल्यांनी आपला आल्फ्रेड बारीक करून त्याला मिशी लावली. खुद्द बॅटमन सुरुवातीच्या गोष्टींत पिस्तूल बाळगायचा, माणसे मारायचा; न मारण्याचे व्रत त्याने नंतर घेतले. आज ज्याला आपण ‘मूळ’ म्हणून चित्रपटाच्या तोंडावर फेकतो, त्यातले बरेचसे असे मागाहून, अनेकदा रूपांतरांनीच घडवलेले आहे.

हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. कोपरगावच्या बेटावर जावे. गोदावरीकाठी शुक्राचार्यांचे मंदिर आहे. त्यांचा आश्रम इथेच होता, बृहस्पतीचा पोरगा कच मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकायला इथेच आला, अशी तालुक्याची श्रद्धा. शुक्राचार्यांच्या दारात मुहूर्त बघावा लागत नाही, असे मानून लोक इथे लग्नेही लावतात. कचाने शुक्राचार्यांच्या मुलीला, देवयानीला, नकार दिला ती हीच जागा, हे कोणाच्या आड येत नाही. महाभारतात कच येतो तो असुरराजा वृषपर्व्याच्या नगरीत, शुक्राकडे. तिथे ना गोदावरी, ना हे बेट. म्हणजे आदिपर्वातली कथा गावाने आपल्या नदीवर आणून वसवली आहे. याला विटंबना म्हणायची कोणाची छाती आहे?

आता मुळाकडे वळू. कच किती वेळा मेला? कोणीही सांगेल, तीन वेळा. एकदा गुरे राखताना असुरांनी त्याचे तुकडे करून लांडग्यांना घातले. दुसऱ्यांदा त्याला वाटून समुद्राच्या पाण्यात कालवले. तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजली. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या मुख्य पाठात, कच दोनदाच मरतो. समुद्राचे मरण प्रचलित पाठांतले आहे. देशोदेशीच्या हस्तलिखितांत फरक पडत गेले आणि तरी कच कचच राहिला. का राहिला, हे कळले की रूपांतराची कसोटी सापडते.

त्या कथेचा जीव मरणांच्या आकड्यात नाही. एका पेचात आहे. कच गुरूच्या पोटात आहे. त्याला जिवंत करावे तर गुरूचे पोट फुटणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या कचालाच विद्या देतात. तो पोट फाडून बाहेर येतो. विद्या हाती आली, गुरू मेलेला पडला आहे, देवलोकाची वाट मोकळी आहे. कच थांबतो आणि आधी गुरूला उठवतो. पुढे देवयानी लग्नाचे विचारते. ज्या पोटातून तू आलीस त्यातच मी राहिलो, म्हणून तू बहीण, असे तो सांगतो. ती शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. मरून मिळवलेली शक्ती, आणि ती स्वतःला वापरता येत नाही. ही किंमत काढून घेतली तर कच उरत नाही. बाकी सगळे बदलले तरी चालते.

मराठीने ते बदललेही. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ नाटकाने १९१३ साली मद्यपान मध्यभागी आणले. मूळ कथेत शुक्राचार्य मद्याचा निषेध करतात, त्या धाग्याचा खाडिलकरांनी दोर वळला. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची. महाभारतात देवलोकी परतलेला कच देवयानीच्या नवऱ्याच्या, ययातीच्या, गोष्टीत पुन्हा येत नाही. खांडेकरांनी त्याला परत आणून भोगापुढे संयमाचा पक्ष दिला. त्यांचा कच अधूनमधून प्रवचनाला बसतो, ही तक्रार रास्त आहे. पण ‘व्यासांनी असे लिहिले नव्हते’ ही तक्रार कोणी मनावर घेतली नाही, आणि कादंबरीला ज्ञानपीठ मिळाले.

हीच कसोटी चित्रपटांना लावा. सॅम रायमीच्या २००२च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये जाळे नायकाच्या मनगटातूनच सुटते, १९६२च्या कॉमिकमध्ये त्याने ते यंत्र स्वतः बनवलेले होते. यावर केवढा गहजब झाला! पण आपण सोडून दिलेल्या चोरानेच काकाचा जीव घेतला, ही बोच रायमीने शाबूत ठेवली. पात्र वाचले.

याउलट २०१३चा ‘मॅन ऑफ स्टील’. सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो, तेव्हा चाहते ओरडले की सुपरमॅन मारत नाही. मारतो की! १९८८ साली जॉन बर्नच्या कॉमिकमध्ये त्याने तीन गुन्हेगारांना क्रिप्टोनाइटने देहदंड दिला होता. फरक पुढचा आहे. कॉमिकमधला सुपरमॅन त्या कृत्याने आतून मोडला आणि पृथ्वी सोडून निघून गेला. चित्रपटातला एक किंकाळी फोडतो आणि थोड्याच वेळात चष्मा लावून नव्या नोकरीवर हजर होतो. चित्रपट फसला, पण ज्या कारणासाठी शिव्या खाल्ल्या त्या कारणाने नव्हे. त्याच दिग्दर्शकाचा २००९चा ‘वॉचमेन’ बराचसा चौकटीला चौकट जुळवून काढलेला. कॉमिकने मुखवटेवाल्यांच्या हिंसेची किळस आणली होती; चित्रपट तीच हिंसा संथ गतीने, चवीने दाखवतो. शेवट सोडला तर नक्कल जवळजवळ बिनचूक, आणि आशय उलटा.

मग काहीही केले तरी चालेल का? नाही. ही कसोटी पोशाख जुळवण्यापेक्षा कडक आहे. पोशाख शिंपी जुळवतो. पात्राने शक्तीची काय किंमत मोजली, हे लेखकाला ओळखावे लागते. मराठीतही डब झालेल्या २०२३च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये हाच वाद कथेत शिरला आहे. ठरलेला मृत्यू प्रत्येक स्पायडर-मॅनच्या वाट्याला आलाच पाहिजे, नाहीतर विश्व कोसळेल, असे स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल बजावतो. मुंबईच्या धर्तीवरच्या नगरीत तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर याच्या प्रेयसीचा पोलीस बाप त्या नियमाने मरायचा असतो. चित्रपटाचा नायक माइल्स त्याला वाचवतो. मिगेल हा आपला पंचनामेवाला चाहताच आहे. त्याला घटनांची यादी पाठ आहे, त्या घटनांनी माणूस घडतो कसा हे मात्र तो विसरला आहे.

म्हणून पुढच्या चित्रपटाला जाताना रंग आणि वंशावळ तपासायचीच असेल तर खुशाल तपासावी. पण निकाल द्यायचा तो एकाच प्रश्नावर: या नायकाला शक्ती कशाच्या बदल्यात मिळाली, आणि ती किंमत पडद्यावर त्याच्याकडून वसूल झाली की नाही?