समाजकार्य परवाना (अमेरिका)

समाजकार्य परवाना ही अमेरिकेत प्रशिक्षित व्यावसायिक समाजकार्यकर्त्यास मिळणारी कायदेशीर मान्यता होय. मराठीत रूढ असलेल्या 'सामाजिक कार्यकर्ता' या व्यापक अर्थाशी तिचा संबंध नाही. परवाना संघराज्य सरकार देत नाही. तो प्रत्येक राज्य स्वतःच्या कायद्यानुसार देते. त्यामुळे परवान्याची नावे, श्रेणी व अटी राज्यागणिक बदलतात. अपात्र व्यक्तींपासून सेवार्थींचे संरक्षण करणे हा त्यामागील मुख्य हेतू आहे.

पात्रता

बहुतेक राज्यांत समाजकार्य शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. सर्वोच्च श्रेणी क्लिनिकल समाजकार्याची असून या श्रेणीतील परवानाधारक सामान्यतः मानसिक विकारांचे निदान व मानसोपचार स्वतंत्रपणे करू शकतात. त्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर किमान दोन वर्षे, अनेक राज्यांत सुमारे ३,००० तास, पर्यवेक्षणाखाली काम करावे लागते. परवान्याच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाची अट असते.

परीक्षा व टीका

असोसिएशन ऑफ सोशल वर्क बोर्ड्स ही संस्था प्रवेश परीक्षा नव्हे, तर परवाना परीक्षा तयार करते. तिने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत कृष्णवर्णीय उमेदवारांचे उत्तीर्णतेचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा बरेच कमी आढळले. त्यानंतर परीक्षेच्या निष्पक्षतेवरील वाद तीव्र झाला. इलिनॉय राज्याने त्याआधीच क्लिनिकलखालील श्रेणीसाठी परीक्षेची अट काढून टाकली होती.

आंतरराज्य करार

राज्य बदलल्यास सहसा नवा परवाना घ्यावा लागतो. ही अडचण दूर करण्यासाठी बहुराज्यीय परवान्याचा करार तयार झाला. २०२३ मध्ये मिसूरी हे त्यात सामील होणारे पहिले राज्य ठरले.