जंगल बुक (जपानी चित्रमालिका)
लांडग्यांमध्ये वाढलेला मुलगा मोगली व त्याच्या प्राणिमित्रांवरील ५२ भागांची जपानी बालचित्रमालिका. निर्मिती निप्पॉन ॲनिमेशन. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. जपानमध्ये १९८९-९० मध्ये ती टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ती हिंदीत आली आणि दर रविवारी महाराष्ट्रभरची मुले तिची वाट पाहू लागली. हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचे, तर संगीत विशाल भारद्वाज यांचे.

मूळ कथा रुडयार्ड किपलिंग (१८६५-१९३६) यांच्या १८९४ च्या द जंगल बुक या पुस्तकातील. किपलिंग यांचा जन्म मुंबईचा. त्यांचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. कथाभूमी असलेले सिवनीचे जंगल आज मध्य प्रदेशात असले, तरी त्याला लागून असलेले पेंचचे अरण्य नागपूर जिल्ह्यातही पसरले आहे.

मालिकेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे लहान प्राण्यांना मिळालेले स्थान. मोगलीबरोबर वाढणाऱ्या अकरू व सुरा या लांडग्याच्या पिल्लांना स्वतःची नावे आणि स्वभाव आहेत. त्यांची भांडणे, भीती आणि खोड्या मुलांना आपल्याशा वाटल्या. पुस्तकापेक्षा ही मालिका मुलांच्या अधिक जवळची ठरली, ती यामुळेच.

हिंदी आवृत्तीत शेरखान या वाघाला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा हे त्यांचे जन्मगाव. शेरखानचा दरारा या आवाजाने उभा केला. २०१६ च्या डिस्नेच्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखानसाठी त्यांचाच आवाज घेण्यात आला.