सिद्धेश्वर तलाव : एक मानवनिर्मित बेट
सोलापूरचे सिद्धेश्वर मंदिर पाण्याने वेढलेले असले, तरी घारापुरीप्रमाणे ते नैसर्गिक बेट नव्हे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामांनी लोकश्रमातून हे तळे खोदविले, अशी परंपरा आहे. कन्नडमधील ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात, तळ्याच्या कामात गढलेल्या सिद्धरामांना अल्लमप्रभू आत्मज्ञानाविषयी छेडतात. हा आक्षेप केवळ आध्यात्मिक मानणे अपुरे ठरेल. अवर्षणप्रवण प्रदेशात जलसंचय हीच उपासना होऊ शकते काय, हा त्यातील खरा वाद होय. सिद्धराम पुढे शरणमार्गी झाले. तळे मात्र लोकांकडे राहिले. मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज आजही नगरातील ६८ लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात आणि या तळ्याकाठीच येतात.