अर्ज, शिफारस आणि प्रतीक्षा : तंजावरच्या मराठी मंडळींची इंग्रजी विद्या

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना आपण नाटके, कीर्तने, गणेशोत्सव यांची आठवण काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या घराघरांत दरवर्षी साजरा न होताही पाळला जाणारा आणखी एक मोसम आहे. इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए., एम. ए. झालेली आपली मुले-मुली पुढील अभ्यासासाठी दूरच्या विद्यापीठांकडे अर्ज पाठवितात, गुरुजनांकडून शिफारसपत्रे मिळवितात, आणि मग उत्तराची वाट पाहतात. वडीलधाऱ्यांना हा प्रकार नवा वाटतो. तंजावरच्या मराठी माणसांना मात्र तो नवा नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ इंग्रजी भाषेशी आपला जो संबंध आहे, त्याचा आरंभच अर्ज, शिफारस आणि प्रतीक्षा या तीन गोष्टींनी झालेला आहे.

या इतिहासातील पहिले अर्जदार म्हणजे स्वतः सरफोजी राजे. १७८७ साली तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे होते. राजांच्या मृत्यूनंतर त्यांचे बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. मद्रास सरकारने पंडितांचे मत घेतले. ते दत्तविधानाच्या विरुद्ध गेले आणि अमरसिंहांस गादी मिळाली. दहा वर्षांच्या मुलाचा अर्ज असा पहिल्या फेरीतच फेटाळला गेला.

तुळजाजी राजांनी या मुलाचा सांभाळ करण्यास ज्यांना सांगितले होते, ते ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी. १७५० साली तरंगंबाडीस उतरलेला हा गृहस्थ तमिळ तर शिकलाच, पण दरबाराशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकला. मुलाला कोंडून ठेवले आहे, त्याच्या शिक्षणाची आबाळ होत आहे, असे त्यांनी मद्रास सरकारला कळविले. अखेर १७९३ साली सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याकडे त्यांचा अभ्यास सुरू झाला. इकडे श्वार्ट्झ यांची पत्रे चालूच होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तंजावरच्या इतिहासातील ती सर्वांत चिकाटीची शिफारसपत्रे होत. दत्तविधानाविषयी पुन्हा पंडितांची मते मागविली गेली. या वेळी काशीच्या व बंगालच्या पंडितांचा कौल सरफोजींच्या बाजूने पडला. त्यावर शेवटचा शब्द लंडनमधील कंपनीच्या संचालकांचा. आणि त्या काळी पत्र जहाजाने जाऊन उत्तर येईपर्यंत वर्ष सहज उलटत असे.

निकाल लागला तो १७९८ साली. जून महिन्यात सरफोजी गादीवर बसले. प्रतीक्षा अकरा वर्षांची झाली होती. शिफारस करणारे श्वार्ट्झ मात्र त्याच वर्षी १३ फेब्रुवारीस तंजावरात निवर्तले. आपल्या शिष्याचा राज्याभिषेक त्यांना पाहावयास मिळाला नाही. त्यांच्या स्मरणार्थ राजांनी जॉन फ्लॅक्समन या प्रख्यात इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. समाधीवरील इंग्रजी पद्यपंक्ती राजांच्याच आहेत. एका मराठी राजाने आपल्या गुरूसाठी इंग्रजीत कविता करावी, ही गोष्ट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावर घडली.

परंतु या निकालाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गादी मिळून सोळा महिने झाले नाहीत तोच, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तो किल्ला आणि ठरलेली नेमणूक. ज्या वस्तूसाठी अकरा वर्षे वाट पाहिली, ती हाती येताच निसटली. वाट पाहताना जे शिकले, तेवढे मात्र टिकले. त्यातूनच सरस्वती महालाच्या जुन्या ग्रंथसंग्रहात हजारो युरोपीय पुस्तकांची भर पडली. तंजावरच्या छापखान्यात १८०६ साली इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ नागरी खिळ्यांनी छापले गेले. महाराष्ट्रातील मुद्रणाचा गवगवा होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरास आले. हेबर स्वतः कवी होते. राजांशी झालेल्या भेटीचे वर्णन त्यांनी पत्रात केले आहे. लाव्हाझिये, लिनियस, बुफाँ यांचे दाखले राजे सहज देत होते. आणि शेक्सपिअरच्या काव्यगुणांविषयी त्यांचे मत लॉर्ड बायरनच्या मतापेक्षाही अधिक यथार्थ आहे, असा अभिप्राय हेबर यांनी दिला. हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये इंग्रजी भाषा व वाङ्मय यांचा पहिला प्राध्यापक लंडनच्या नव्या विद्यापीठात नेमला गेला तो १८२८ साली. ऑक्सफर्डला इंग्रजीची स्वतंत्र पदवीशाखा निघाली १८९४ साली, तर केंब्रिजला इंग्रजीची स्वतंत्र परीक्षा आली १९१७ साली.

त्याच भेटीत एक प्रसंग घडला, तो आपल्यातील प्रत्येक आईबापाने वाचावा असा आहे. राजपुत्र शिवाजी तेव्हा सतराच्या आसपास होता. प्रकृतीने नाजूक, इंग्रजी बोलण्यात कच्चा. तंजावरात त्याच्यासाठी बरा शिक्षक मिळत नाही, अशी खंत राजांनी बोलून दाखविली. हेबर यांचे मन द्रवले. मुलाला माझ्याबरोबर द्या, कलकत्त्यास माझ्या घरी राहील, उत्तमातील उत्तम शिक्षक मी मिळवून देईन, असे त्यांनी सुचविले. अर्ज न करता चालून आलेला हा प्रवेश होता. पितापुत्र दोघेही हरखले. पण आईसाहेबांचे काय, ही शंका दोघांच्याही मनात आली. दुसऱ्या दिवशी रेसिडेंटमार्फत नम्र शब्दांतील नकार आला. दोन मुलगे आधीच गेले आहेत; हा राहिलेला एकुलता, तोही आजारी; गेला तर जिवंत परतणार नाही, आणि त्याचा विरह मला सोसवणार नाही, असे राणीसाहेबांचे म्हणणे होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १८२६ रोजी, हेबर यांनाच तिरुचिरापल्लीस मृत्यू आला.

राणीसाहेबांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन मुले गमावलेल्या आईचे ते उत्तर होते. हेच शिवाजी राजे १८३२ साली गादीवर बसले आणि २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्रसंतान मागे न ठेवता निवर्तले. संस्थान खालसा झाले, खासगी मालमत्तेवरही जप्ती आली. तेव्हा कामाक्षीबाईसाहेब या त्यांच्या राणीने मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जॉन ब्रूस नॉर्टन हे त्यांचे वकील. मद्रासला निकाल राणीसाहेबांच्या बाजूने लागला. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. राज्यकर्त्यांच्या राजकीय कृतीबद्दल न्यायालय विचार करू शकत नाही, असे कारण दिले गेले. तंजावरचा आणखी एक इंग्रजी अर्ज साता समुद्रांपलीकडे जाऊन नामंजूर होऊन परतला.

राजवाड्याच्या दारातून जे बाहेर पडू शकले नाही, ते कारभारी घराण्यांतील मुलांनी केले. १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव मद्रासच्या नव्या सरकारी हायस्कुलात शिकले. १८४१ साली उघडलेल्या त्या शाळेचे प्रमुख पॉवेल हे केंब्रिजचे गणिती होते. विद्यापीठ निघावयास १८५७ साल उजाडावे लागले; तोवर मिळू शकणारी सर्वांत मोठी पदवी म्हणजे ‘प्रोफिशियंट’. ती माधवरावांनी १८४६ साली पहिल्या वर्गात मिळविली. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. बडोद्यास तरुण सयाजीराव महाराजांना त्यांनी राज्यकारभारावर इंग्रजीत दिलेली व्याख्याने १८८१ साली पुस्तकरूपाने निघाली. त्याच सयाजीरावांच्या संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कावेरीकाठची विद्या कोठवर पोचली, हे यावरून दिसते.

मग १८५४ साली कुंभकोणमला सरकारी शाळा निघाली, तिचे पुढे कॉलेज झाले, आणि मुलांना इंग्रजीसाठी मद्रासला जाण्याची निकड राहिली नाही. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, पाठशाळेत संस्कृत आणि कॉलेजात इंग्रजी, अशी आपली रीत याच काळात पक्की झाली. या रीतीची किंमतही आपण मोजली आहे. अर्जाची भाषा सुधारत गेली तशी घरची लिपी मागे पडली. आजोबांचे मोडी कागद नातवाला वाचता येईनासे झाले.

आज अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांनी येथेच थोडा विचार करावा. १९१८ साली सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला, आणि १९८३ साली त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. सरफोजींची इंग्रजी पुस्तके तेथे आहेत. दरबाराचे मोडी दफ्तरही तंजावर व मद्रास येथील संग्रहांत आहे. शेक्सपिअरवर मत देणारा हा राजा काय वाचीत होता आणि त्याच सुमारास त्याचे कारकून मोडीत काय लिहीत होते, हे दोन्ही एकत्र वाचू शकेल असा अभ्यासक जगातील कोणत्याही इंग्रजी विभागाला सहजी मिळणार नाही. तो आपल्या घरात तयार होऊ शकतो. त्यासाठी आजीची मराठी आणि चार महिन्यांचा मोडीचा सराव एवढेच हवे.

निकाल पूर्वीही परक्यांच्या हाती होता, आजही आहे. तो कधी अकरा वर्षांनी येतो, कधी येऊन फिरतो. प्रतीक्षेचा काळ मात्र आपला असतो. सरफोजी राजांनी तो वाचनात घालविला, म्हणून राज्य गेल्यावरही त्यांचे नाव राहिले. आपल्या मुलामुलींना मंडळाचा याहून मोठा आशीर्वाद तो कोणता द्यावा?