लाख, ड्यूको आणि खरवडलेली पोथी

‘गाडीला ड्यूको मारून घेतला’ हे वाक्य आपल्याकडे अजूनही कानावर पडते. कपाटाला, पलंगाला, क्वचित देवघरालाही ‘ड्यूको फिनिश’ दिले जाते. मुळात हे एका अमेरिकी कंपनीच्या मालाचे विशेषनाम. ‘डालडा’प्रमाणे तेही मराठीत केव्हाच सामान्यनाम होऊन बसले. जुनी मोटार घरच्या अंगणात रंगवणे हा विषय साहित्याच्या अभ्यासकाला दूरचा वाटेल. त्याचा इतिहास पाहू लागलो तेव्हा आम्हालाही तो तसाच वाटला होता. पण वाटेत लाक्षागृह भेटले, फाळके भेटले आणि अखेरीस राजवाड्यांची ज्ञानेश्वरीही भेटली.

आरंभीच्या मोटारी घोड्याच्या बग्गीसारख्याच रंगवल्या जात. तेलाच्या रोगणाचा एक हात द्यायचा, तो वाळण्याची वाट पाहायची, घासायचे, पुन्हा हात द्यायचा. एक गाडी पुरी व्हायला आठवडे लागत. फोर्डने ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात काळ्या रंगातच विकली, त्यामागेही उत्पादनाच्या वेगाचा आणि खर्चाचा हिशेब होता. १९२४ सालासाठी बाजारात आलेल्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँ कंपनीचा निळा ड्यूको झळकला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. हा रंग ब्रशाने नव्हे तर हवेच्या दाबाने फवारायचा होता. रंगाऱ्याच्या हातातला कुंचला गेला आणि ‘गन’ आली.

हा पदार्थ म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसावर तीव्र आम्लांची प्रक्रिया करून तो बनतो. ड्यूपाँ कंपनी १८०२ साली स्थापन झाली ती बंदुकीची दारू बनवण्यासाठी, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. धूरविरहित दारू, सिनेमाची जुनी फिल्म आणि मोटारीचा चकचकीत रंग ही एकाच कुळातली भावंडे आहेत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) अशाच फिल्मवर चित्रित झाला, आणि २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जे गेले तेही याच स्वभावधर्मामुळे. १९३६ साली सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराने न्यूयॉर्कमधल्या आपल्या कार्यशाळेत हाच मोटारीचा रंग ओतून पाहिला. तेथे शिकायला आलेल्यांत तरुण जॅक्सन पोलॉक होता. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात गॅरेजला एवढी जागा द्यायला हरकत नसावी.

या जातीच्या रंगाला ‘लॅकर’ म्हणतात. हा इंग्रजी शब्द पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याच ‘लाखे’पासून, म्हणजे संस्कृत ‘लाक्षे’पासून गेला. लाख ही किड्यांनी झाडावर केलेली राळ. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची चकाकी आपल्या परिचयाची आहे. आणि आदिपर्वातले लाक्षागृह कोण विसरेल? पुरोचनाने वारणावतात ते बांधले ते दिसायला देखणे आणि पेटायला तत्पर. अमेरिकेत पदार्थ पार बदलला, नाव तेवढे राहिले. पण पेट घेण्याचा गुण मात्र नव्या लाखेनेही सोडला नाही. थिनरचा डबा उघडा ठेवून जवळच बिडी ओढणारा रंगारी पाहिला की आम्हाला विदुराची आठवण येते.

घरी गाडी रंगवता येणे ही मोटारीच्या इतिहासातली एक मर्यादित कालखंडाची गोष्ट आहे. ड्यूकोपूर्वी ते वंशपरंपरागत कसबाचे काम होते. ड्यूकोने ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. हा रंग थिनर उडून गेल्यावर नुसत्या हवेत वाळतो, त्याला भट्टी लागत नाही. तो इतक्या लवकर वाळतो की धूळ बसायला फारशी सवड मिळत नाही. शिवाय नवा हात खालच्या हाताला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. त्यामुळे चूक झाली तर घासून पुन्हा फवारता येते. पुढे दोन घटक मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन रंग आले. ते अधिक टिकाऊ खरे, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. त्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त खोली हवी. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. अंगणातल्या रंगाऱ्याचा काळ तेथे संपतो. आमच्या मते तो संपला हे मान्य करावे आणि घरी ज्याला हे करायचे असेल त्याने जुन्या सेल्युलोजवरच थांबावे, तेही मोकळ्या हवेत आणि योग्य मास्क लावून.

आपल्याकडे हा काळ लांबला. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९५०च्या दशकापासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. १९७०च्या दशकात त्याच गाडीची ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. साहजिकच हातातली गाडी लोक बदलत नसत, पुन्हा रंगवत. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. त्या काळ्या-पिवळ्या पत्र्यावर किती हात चढले असतील याची मोजदाद नाही.

आमच्यापैकी एकाच्या घरी १९६८ सालची फियाट आहे. वडिलांनी ती १९७९ साली जुनी विकत घेतली, आणि घरच्या आठवणीत ती पांढरीच आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या मडगार्डवर पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर फिरवू लागलो. (जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडी घासाई करू नये.) हळूहळू पत्र्यावर झाडाच्या खोडातल्यासारखी वर्तुळे उमटली. बाहेर पांढरे, मग लांबीचा मातकट थर, मग आकाशी निळे, मग राखाडी, आणि मध्यभागी तांबूस प्रायमर. निळी गाडी घरात कोणीच पाहिलेली नव्हती. आर.सी. बुकात मूळ रंग ‘ग्रे’ आहे, पुढे पांढऱ्याची नोंद शिक्क्यासह आहे, निळ्याचा उल्लेख नाही. थिनरचा बोळा फिरवला तर निळा रंग चटकन बोळ्यावर आला, म्हणजे तो एखाद्या गॅरेजात मारलेला ड्यूको. राखाडी हलला नाही. तो कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला असावा. पांढरा मात्र सुरकुतला. तो हवेत वाळलेला सिंथेटिक इनॅमल निघाला.

येथे पेच पडला. सिंथेटिक इनॅमलवर सेल्युलोज फवारले की त्यातला थिनर खालच्या थराला शिरकाव करून उचलतो आणि सगळा पृष्ठभाग चुरगळतो. म्हणजे वडिलांनी दिलेला पांढरा थर काढल्यावाचून पुढे जाता येत नव्हते. रंगाऱ्यांच्या भाषेत थराला ‘हात’ म्हणतात. पोथी पाहताना आपणही लेखनिकाचा हात ओळखतो. कोणता हात ठेवायचा आणि कोणता पुसायचा हा प्रश्न त्यामुळे आम्हाला परका नव्हता.

एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक पाठ छापला. ती मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही, त्यामुळे त्या पाठाविषयीचा वाद छापील पुस्तकावरच लढावा लागतो. संपादकाचा निर्णय चूक की बरोबर हे ठरवायचे साधनच उरले नाही, ही आमच्या दृष्टीने त्या प्रकरणातली मोठी हानी. गाडी घासणारा माणूस तर ही हानी रोज स्वतःच्या हाताने करतो. त्याच्या पाठचिकित्सेत नाकारलेले पाठ तळटीपेत जात नाहीत, ते राखाडी पाण्याबरोबर मोरीत जातात. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने वास्तुसंवर्धनाच्या १९६४च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आपली ट्यूरिन सनद केली. बदल कमीत कमी करावा आणि जो केला त्याची नोंद ठेवावी, हा तिचा रोख आहे. तो याच भीतीतून आला असावा.

आमच्यापैकी एक राखाडीच्या बाजूचा होता: कारखान्याचा पाठ तोच मूळ. दुसऱ्याचे म्हणणे असे की राखाडी गाडी कोणाच्याही आठवणीत नाही, चार दशकांहून अधिक काळ गल्लीने वाचली ती पांढरी प्रत. वाद दोन महिने चालला आणि मार्च उजाडला. मग घाई करावी लागली, कारण सेल्युलोजचे पावसाशी जमत नाही. थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि रंगावर दुधी झाक येते. सावकाश उडणारा थिनर वापरून ती थोडी टाळता येते, पण जुलैतल्या कोकणी हवेपुढे त्याचेही चालत नाही.

शेवटी पांढरा ठरला. बाहेरचा पत्रा प्रायमरपर्यंत उतरवला, लांबी भरली, काळ्या रंगाची विरळ फवारणी करून पुन्हा घासले. खळग्यात काळे राहते आणि उंचवट्यावरचे निघून जाते, त्यावरून पत्रा कोठे बसला आहे ते बोटाला कळण्याआधी डोळ्याला कळते. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, समांतर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. डिकीच्या झाकणाची आतली बाजू मात्र आम्ही शिवलेली नाही. स्टेपनीमागे तळहाताएवढी जागा पायरीपायरीने घासून पाचही थर उघडे ठेवले, त्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात दिला आणि शेजारी तारखा लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. निळ्यापुढे तारीख नाही. छत अजून व्हायचे आहे, ते दिवाळीनंतर.