थोड्या जागेत पुष्कळ उष्णता : प्रस्तावना

पुण्याहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघाले, की मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडताच दापोडी लागते आणि पिंपरी-चिंचवडची हद्द सुरू होते. दापोडीत अल्फा लावल या स्वीडिश कंपनीचा जुना कारखाना आहे. कंपनी भारतात आली १९३७ साली, व्हल्कन ट्रेडिंग या नावाने. पुढे ती व्हल्कन-लावल झाली. आपल्याकडच्या दूधधंद्यातल्या जुन्या माणसांना हे नाव मलई वेगळी करणाऱ्या सेपरेटरमुळे आणि पाश्चरायझरमुळे ठाऊक आहे. तेलशुद्धीकरणावरच्या पुस्तकात दुधापासून सुरुवात करण्याचे कारण असे, की ज्या यंत्राविषयी हे पुस्तक आहे त्याचा जन्मच दुधाच्या धंद्यात झाला. लंडनच्या एपीव्ही कंपनीचे रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ मध्ये दूध तापवण्यासाठी प्लेटचा हीट एक्स्चेंजर बाजारात आणला. पातळ पत्रे एकापुढे एक उभे करायचे, कडांना रबराचे गॅस्केट लावायचे आणि एकाआड एक फटींतून गरम व थंड द्रव उलट दिशांनी सोडायचे, एवढीच ती रचना. दूध करपत नाही, यंत्र उघडून धुता येते, आणि तापून निघालेले दूध आपली उष्णता येणाऱ्या गार दुधाला देऊन जाते. अल्फा लावलने आपला पहिला प्लेट एक्स्चेंजर १९३८ मध्ये काढला.

दुधातून कच्च्या तेलापर्यंत पोहोचायला या कल्पनेला पन्नासहून अधिक वर्षे लागली. इतका वेळ का लागला, हे कळले की विषयाचा मोठा भाग कळला.

रिफायनरीत कच्चे तेल येते ते हवेच्याच तापमानाला, म्हणजे आपल्याकडे तीस अंशांच्या आसपास. ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात शिरण्यापूर्वी ते ३५० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे लागते. हे सगळे काम भट्टीवर सोपवले, तर रिफायनरी स्वतःचेच तेल जाळत बसेल. मनोऱ्यातून रॉकेल, डिझेल आणि तळाचे जड तेल गरमच बाहेर पडते. साठवणीच्या टाकीत जाण्यापूर्वी ते गार करायचेच असते. ही उष्णता येणाऱ्या कच्च्या तेलाला द्यायची, यासाठी एक्स्चेंजरांची एक लांबलचक मालिका असते. तिला प्रीहीट ट्रेन म्हणतात. वाटेत १२० ते १४० अंशांवर तेलातले मीठ धुऊन काढतात, पुढे तापमान २५० ते २८० अंशांपर्यंत चढते, आणि उरलेले काम भट्टी करते.

भट्टीच्या तोंडाशी तेल दहा अंश जास्त गरम पोहोचले तर काय मिळते? वर्षाला एक कोटी टन कच्चे तेल हाताळणारी रिफायनरी धरू. वर्षातले आठ हजार तास ती चालली, तर ताशी १,२५० टन, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४७ किलो तेल होते. या तापमानाला तेलाची विशिष्ट उष्णता किलोला दर अंशामागे २.६ किलोज्यूल धरली, तर दहा अंशांसाठी नऊ मेगावॉट उष्णता लागते. भट्टीची कार्यक्षमता नव्वद टक्के मानली, तर तेवढ्यासाठी दहा मेगावॉटचे इंधन जळते. ते वर्षाला सात हजार टनांच्या पुढे जाते. हिशेब ढोबळ आहे, तरी त्यातले प्रमाण विसरू नये. आपला देश पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. त्यातले सात हजार टन केवळ दहा अंशांपायी भट्टीत जाणे मला सहन होत नाही, आणि हे पुस्तक लिहिण्यामागे तीच भावना आहे.

या मालिकेत शंभर वर्षे राज्य केले ते शेल अँड ट्यूब एक्स्चेंजरने. मोठ्या नळकांड्यात शेकडो नळ्यांचा बंडल. एक द्रव नळ्यांतून, दुसरा नळ्यांभोवतून. त्याविषयी मला पूर्ण आदर आहे. कोणताही चांगला फॅब्रिकेटर तो बनवू शकतो, दाब कितीही असो तो टिकतो, एखादी नळी फुटली तर दोन्ही टोकांना बूच मारून काम पुढे चालवता येते. त्याची जागेची भूक मात्र मोठी. सहा मीटर लांबीच्या नळ्यांचा बंडल धुण्यासाठी बाहेर ओढायचा, तर त्याच्यापुढे आणखी सहा मीटर जागा कायम मोकळी ठेवावी लागते. आराखड्यात ती रिकामी दिसते, पण तिथे दुसरे काही उभे करता येत नाही.

जागेची बचत नेमकी कुठून होते, याबद्दल बराच गैरसमज आहे. इंचभर अंतरावर लावलेल्या पाऊण इंची नळ्यांच्या गठ्ठ्यात एका घनमीटरात साधारण शंभर चौरस मीटर पृष्ठभाग बसतो. एक मिलिमीटर जाडीच्या प्लेटा पाच मिलिमीटरची फट ठेवून लावल्या, तर त्याच घनमीटरात सुमारे १६७ चौरस मीटर बसतात. म्हणजे नुसत्या भूमितीने मिळतो तो दीडपटीचा फायदा. बाकीची करामत नालीदार नक्षीची आहे. माशाच्या काट्यासारख्या त्या तिरप्या नाल्या शेजारच्या प्लेटवर उलट्या दिशेने पडतात, ठिकठिकाणी एकमेकींना टेकतात, आणि त्यांच्यामधून जाणारा द्रव सतत वळत, आपटत, घुसळत राहतो. गुळगुळीत नळीत जो वेग अगदी संथ ठरला असता, त्या वेगालाही इथे प्रवाह खळबळलेला असतो. भिंतीला चिकटून राहणारा द्रवाचा स्थिर थर पातळ होतो, आणि दर चौरस मीटरमागे तीन-चार पट उष्णता पार होते. पृष्ठभाग कमी लागतो, म्हणून यंत्र लहान होते.

त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. प्लेटांमध्ये दोन्ही द्रव खरोखर उलट दिशांनी वाहतात. नळ्यांच्या यंत्रात द्रवाला दोन-चार फेऱ्या घालायला लावतात, त्यात काही भाग उलट दिशेने तर काही एकाच दिशेने जातो. त्यामुळे गरम बाजू व थंड बाजू यांच्यात शेवटी पंधरा-वीस अंशांचे अंतर ठेवणेच परवडते. प्लेटांत हे अंतर तीन ते पाच अंशांपर्यंत खाली आणता येते. वर ज्या दहा अंशांचा हिशेब मांडला, ते इथे सापडतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : जागा वाचते हे या यंत्रांचे डोळ्यांना दिसणारे रूप, पण त्यांची खरी कमाई तापमानाच्या या शेवटच्या अंशांत आहे. नुसत्या चौथऱ्याचे माप बघून खरेदी करणारा अर्धाच फायदा घेतो.

मग दुधाच्या कारखान्यातले यंत्र उचलून रिफायनरीत का बसवले नाही? गॅस्केट आडवे आले. रबर १६० ते १८० अंशांपुढे टिकत नाही, पंचवीस बारपुढचा दाब पेलत नाही, आणि बेंझीन-टोल्यूइनसारखी सुगंधी हायड्रोकार्बन लागली की फुगते. पेटणारे तेल रबराच्या भरवशावर कोंडून ठेवायला कोणताही शहाणा इंजिनिअर तयार होणार नव्हता. उपाय एकच होता, गॅस्केट काढून प्लेटा वेल्ड करणे. तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. वेल्ड केले की यंत्र उघडत नाही, आणि रिफायनरीत न उघडणारे यंत्र कुणाला नको असते.

फ्रान्सच्या विकार्ब कंपनीच्या कॉम्पाब्लॉकने यातून वाट काढली. प्लेटांचा वेल्ड केलेला चौकोनी ठोकळा, चार कोपऱ्यांना चार खांब, आणि चारही बाजूंना बोल्टने आवळलेली झाकणे. झाकण उघडले की पाण्याच्या तीव्र झोताने फटी धुता येतात. गॅस्केट गेल्यामुळे तीनशे अंशांच्या पुढे आणि चाळीस बारच्या आसपास काम करता येऊ लागले. अल्फा लावलने १९९८ मध्ये विकार्ब घेतली, आणि २००५ मध्ये पॅकिनॉक्स ही दुसरी फ्रेंच कंपनी घेतली. पॅकिनॉक्सची गोष्ट तर कोणत्याही विद्यार्थ्याला वाचून हुरूप यावा अशी. नाफ्त्यापासून उच्च ऑक्टेनचे पेट्रोल करणाऱ्या रिफॉर्मिंग युनिटमध्ये पाचशे अंशांच्या आसपास तापलेला वायू रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडतो. त्याची उष्णता आत येणाऱ्या मालाला द्यायची असते. त्यासाठी मीटरच्या मीटर लांब, अखंड प्लेटा हव्या होत्या. एवढ्या लांब पत्र्यावर नक्षी उठवायला त्यांनी पाण्याखाली स्फोट घडवून पत्रा साच्यावर दाबण्याची पद्धत वापरली. त्या प्लेटांचा गठ्ठा एका उभ्या दाबपात्रात बसतो आणि कित्येक शेल अँड ट्यूबचे काम एकटा करतो.

स्वीडनमध्ये कागदाच्या लगद्यासाठी निघालेला सर्पिल एक्स्चेंजर आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेला हीट्रिकचा कोरीव वाहिन्यांचा एक्स्चेंजर यांना पुढे स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. पहिला गाळाच्या तेलासाठी उत्तम, कारण त्यात एकच वाट असते आणि ती चोंदू लागली की वाढलेला वेग तिलाच खरडून काढतो. दुसरा समुद्रातल्या फलाटांवर शोभतो. रिफायनरीत अजून क्वचितच.

महाराष्ट्रात जागेचा प्रश्न सर्वांत टोकाला गेला तो मुंबईत चेंबूरजवळच्या माहुलमध्ये. तिथली एक रिफायनरी १९५४ मध्ये सुरू झाली, तिची शेजारीण १९५५ मध्ये. पहिली मूळची स्टॅनव्हॅकची, मग एस्सोची, १९७४ पासून हिंदुस्तान पेट्रोलियमची. दुसरी बर्मा-शेलची, १९७६ मध्ये सरकारने घेतली आणि पुढे भारत पेट्रोलियम झाली. दोन्ही उभ्या राहिल्या तेव्हा चेंबूर मुंबईच्या कडेला होते. आज त्यांच्याभोवती खत कारखाना, वीजकेंद्र, वस्ती, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी आहे. क्षमता मात्र वाढवावी लागली, सल्फर कमी करणारी नवी युनिटे घालावी लागली. अशा ठिकाणी नवा एक्स्चेंजर कुठे ठेवायचा, हा प्रश्न नकाशावर इंच-इंच मोजून सोडवावा लागतो. जुन्या पोलादी सांगाड्यावर किती वजन चढेल, हेही बघावे लागते. पिंपरीच्या वाचकाला हे लांबचे वाटू नये. माहुलचे पेट्रोल-डिझेल नळाने घाट चढून पुण्याजवळ लोणीला उतरते.

मनोऱ्याच्या माथ्यावरचा कंडेन्सर हे लहान यंत्राच्या फायद्याचे दुसरे उदाहरण. कच्च्या तेलात राहिलेल्या क्षारांपासून तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, आणि पाण्याचे पहिले थेंब धरतात तिथेच ते पोलाद खाते. टायटॅनियम टिकते, पण महाग. शेल अँड ट्यूब सबंध टायटॅनियममध्ये करायचा म्हटले की हिशेब कोलमडतो. प्लेटांना धातू थोडा लागतो, म्हणून तोच धातू परवडतो. जागेच्या बचतीतून टिकाऊपणा कसा निघतो, हे इथे दिसते.

उत्साहाच्या भरात एक गोष्ट झाकायची नाही. पाच मिलिमीटरच्या फटीत गाळणीतून निसटलेला वेल्डिंगचा तुकडा किंवा कोकचा खडा अडकला, की तो भाग निकामी होतो. सुरू करताना घाईने गरम तेल सोडले, तर पातळ प्लेट लगेच प्रसरते, जाड चौकट मागे राहते आणि वेल्डला तडे जातात. गळती लागलीच, तर नळीला बूच मारण्याइतका सोपा इलाज नाही. म्हणून निर्वात मनोऱ्याच्या तळाच्या, कोकचे कण असलेल्या तेलाला मी आजही शेल अँड ट्यूब किंवा सर्पिलच सुचवीन. गाळणी, सावकाश सुरुवात आणि दाबातील फरकाची रोजची नोंद यांची शिस्त जिथे नाही, तिथे आटोपशीर यंत्र बसवू नये.

ही विद्या आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात रुजायला जमीन तयार आहे. उष्णतेच्या यंत्रांची परंपरा इथे जुनी आहे. १९६६ मध्ये वॉन्सन इंडिया म्हणून सुरू झालेली आणि १९८० पासून थरमॅक्स म्हणून ओळखली जाणारी कंपनी चिंचवडचीच. चाकणमध्ये मोटारी बनतात, आणि मोटारीचा रेडिएटर हा आटोपशीर एक्स्चेंजरच असतो. स्टॅनफर्डच्या केज आणि लंडन यांनी १९५५ मध्ये या विषयाचा जो पायाभूत ग्रंथ लिहिला, त्यातले पंखांचे पृष्ठभाग याच कुळातले. भोसरीचा डायमेकर पत्रा कुठे ताणून पातळ होतो, हे प्रेसखाली हात न घालता सांगतो, आणि प्लेटच्या नालीत नेमकी तीच जागा आधी फुटते. एक्स्चेंजरांचे जाळे कसे विणावे, याचे शास्त्र बोडो लिनहॉफ यांनी सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये मांडले. पवईच्या आयआयटीतल्या उदय शेणॉय यांचा त्यावरचा ग्रंथ १९९५ मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. कारागिरी इथे आहे, गणितही इथेच आहे. दोन्ही एकाच माणसाच्या हाती मराठीतून पडावीत, एवढीच या पुस्तकाची खटपट.

डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. आधी आकृत्या बघाव्यात, समीकरणे मागाहून. वेल्डर, फिटर, शटडाऊनवर जाणारे तंत्रज्ञ यांना माझी विनंती वेगळी आहे. पुढच्या वेळी एक्स्चेंजर उघडाल, तेव्हा धुण्यापूर्वी फोटो काढा. साचलेला थर कुठे जाड आहे, कोणत्या रंगाचा आहे, किती दिवसांत साचला, ते वहीत लिहून ठेवा. असल्या नोंदी कोणत्याही ग्रंथात मिळत नाहीत, आणि पुढची रचना सुधारायला त्यांच्याइतके उपयोगाचे दुसरे काही नाही.